हॅमिल्टन पहिला का?

नमस्कार. कनेक्टिकट विद्यापीठाच्या, म्हणजे यूकॉनच्या, बास्केटबॉल संघातल्या सर्वोत्तम शूटिंग गार्डांच्या (मुख्यतः लांबून फटके मारून गुण करणाऱ्या खेळाडूंच्या) यादीत मी रिप हॅमिल्टनला पहिला आणि रे ॲलनला दुसरा क्रमांक दिला. ‘हॉल ऑफ फेममधला, म्हणजे बास्केटबॉलच्या मानाच्या यादीतला, ॲलन दुसरा आणि ख्रिस स्मिथचं तर नावच नाही, ही कसली यादी?’ असं तुम्ही विचारलंत. स्मिथबद्दल तुमचं बरोबर आहे. ॲलनबद्दल मात्र मी ठाम आहे.

ॲलनने २००८ आणि २०१३ मध्ये एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, विजेतेपदं जिंकली, ती स्टॉर्स, म्हणजे यूकॉनचं गाव, सोडल्यावर. कॉलेजच्या यादीत ती मोजायची नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. दोघंही यूकॉनकडून तीन-तीन मोसम खेळले, त्यामुळे तुलना सरळ होते : ॲलनचे १,९२२ गुण, हॅमिल्टनचे २,०३६.

आता तुमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण मीच देतो. १९९५ च्या एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, फायनल फोरच्या (शेवटच्या चार संघांच्या) उंबरठ्यावर यूकॉन यूसीएलएकडून ९६-१०२ असं हरलं. त्या सामन्यात ॲलनने एकट्याने ३६ गुण केले होते, आणि यूसीएलए पुढे विजेतं ठरलं. त्या पराभवाचा दोष त्याला कोण देईल? पुढच्याच मोसमात त्याने सामन्यामागे २३.४ गुणांची सरासरी राखली, आणि यूकॉनच्या बिग ईस्ट या कॉलेज-गटाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कितीतरी फटके हुकल्यावरही तोल गेलेल्या अवस्थेत चेंडू टाकून ॲलन आयव्हरसन या दुसऱ्या खेळाडूच्या जॉर्जटाउन संघाला ७५-७४ असं हरवलं. एकाच मोसमाचा विचार केला, तर १९९५-९६ चा ॲलन मलाही हॅमिल्टनपेक्षा सरस वाटतो.

पण १९९९ पर्यंत यूकॉनच्या पुरुष संघाने फायनल फोर पाहिलीच नव्हती. प्रशिक्षक जिम कॅल्हून यांचे चांगले चांगले संघ तिथपर्यंत येऊन अडत. १९९८ च्या एनसीएए स्पर्धेत वॉशिंग्टनविरुद्ध एका गुणाची पिछाडी होती. फटका हुकला, रिबाउंडसाठी, म्हणजे परत आलेला चेंडू पकडण्यासाठी, झुंबड उडाली, आणि हॅमिल्टनने मागे झुकत शेवटच्या क्षणी चेंडू बास्केटमध्ये टाकला. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत समोर होता संपूर्ण मोसमात एकच सामना हरलेला ड्यूक. हॅमिल्टनने २७ गुण केले, यूकॉन ७७-७४ ने जिंकलं. नंतरची पाच विजेतेपदं त्याच वाटेने आली असं मी मानतो. म्हणून तो पहिला.

स्मिथबाबत चूक माझीच. ब्रिजपोर्टचा, म्हणजे कनेक्टिकटचाच मुलगा, २,१४५ गुणांसह पुरुष संघाचा सर्वाधिक गुण करणारा खेळाडू, आणि १९९० च्या त्या अविस्मरणीय मोसमाचा कणा. त्या मोसमात यूकॉनच्या टेट जॉर्जने क्लेमसन संघाविरुद्ध मारलेल्या फटक्याची आठवण सगळे काढतात, पण त्या संघासाठी सर्वाधिक गुण स्मिथ करत होता. यादीत तो आता तिसरा असेल. यूकॉनचाच बेन गॉर्डन चौथ्यावर जाईल, आणि हे मला जड जातंय, कारण २००४ च्या बिग ईस्ट स्पर्धेत त्याने तीन सामन्यांत ८१ गुण केले होते.