एव्हीआर काढून बॅटरी जोडायला निघालेल्यांसाठी

‘जनरेटर टिप्स’ नावाचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे व्होल्टेज कमी आलं की इंजिनाचा स्पीड वाढवा. एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं सर्किट) म्हणजे पैसे उकळायला बसवलेला स्टॅबिलायझर, तो काढून फील्डला (चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलला) १२ व्होल्टची बॅटरी कायमची जोडा. आणि रेसिड्युअल मॅग्नेटिझम (मशीन बंद असतानाही लोखंडात उरणारं चुंबकत्व) गेलं की अल्टरनेटर, म्हणजे जनरेटरचा वीज बनवणारा भाग, भंगारात. परवा मेहुण्याचा फोन, “दाजी, बॅटरीची लाल वायर कुठे लावू?” आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी बॅटरीचं बघू. लोडचा करंट एव्हीआरमधून जातच नाही, तो स्टॅबिलायझर कुठून होणार? ब्रशलेस अल्टरनेटरमध्ये तो एक्सायटरच्या (त्याच शाफ्टवरच्या छोट्या जनरेटरच्या) स्टेटरला, म्हणजे स्थिर भागाला, थोडासा डीसी देतो, साधारण दोन-तीन अँपिअर. त्यावर एक्सायटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, थ्री-फेज एसी तयार होतो, शाफ्टबरोबर फिरणारे डायोड त्याचा डीसी करतात आणि तो मेन रोटरला मिळतो. आउटपुट घसरलं की एव्हीआर हा डीसी वाढवतो, चढलं की कमी करतो. मोटारींसारखा लॅगिंग लोड (ज्यात करंट व्होल्टेजच्या मागे राहतो) आला की आर्मेचर रिअॅक्शन, म्हणजे लोडच्या करंटचं स्वतःचं चुंबकत्व, मेन फ्लक्स (मुख्य चुंबकीय प्रवाह) खाते, म्हणून फुल लोडला फील्ड करंट नो-लोडपेक्षा बराच जास्त लागतो. बॅटरीला यातलं काय कळतं?

नो-लोडवर बॅटरी जोडली तर मीटर ४१५ व्होल्टच्या आसपास दाखवतो, हे खरं आहे, नाइलाजाने मान्य. काही मॅन्युअलमध्ये ही चाचणीच दिलेली असते: एव्हीआरकडून येणाऱ्या फील्डच्या वायरी सोडवा, १२ व्होल्ट द्या, पूर्ण स्पीडला तिन्ही फेज मोजा. सारखे आणि नीट आले तर संशय एव्हीआरवर. झालं, बॅटरी काढा. तशीच ठेवून लोड टाकलात की व्होल्टेज खाली बसतं. मग कोणीतरी शहाणा २४ व्होल्ट लावतो, आणि मोठी मोटार ट्रिप झाली की चढलेलं व्होल्टेज उरलेल्या उपकरणांच्या माथी. आयएसओ ८५२८-५ या जनरेटर सेटच्या मानकातला जी१ हा सैल वर्गसुद्धा स्थिर व्होल्टेजला ±५ टक्केच सूट देतो. बॅटरीवर जमवून दाखवा.

स्पीडचं थोडक्यात. चार पोल, ५० हर्ट्झ म्हणजे १५०० आरपीएम. एव्हीआर धड असेल तर स्पीड वाढवून नुसती फ्रिक्वेन्सी वाढते. इंजिनच खाली घसरलं असेल तर एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज पाडतो. तेव्हा स्पीड १५०० वर आणा, पुढे नाही.

रेसिड्युअल गेलं तर फील्ड फ्लॅश करतात: पोलॅरिटी बघून, मधे डायोड घालून, बॅटरीचा क्षणभर स्पर्श. म्हणजे जिथे बॅटरी खरंच लागते, नेमकं तिथेच या गृहस्थांनी मशीन भंगारात काढलंय!