त्या गल्लीबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

माझ्या प्रेमभंगावरच्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली त्या रात्री लगेच उत्तर लिहिलं होतं. सकाळी वाचून खोडलं, कारण त्यात नुसता राग होता. तुम्ही लिहिलंत, 'सगळ्या लेखात तुमचंच दुःख आहे, त्या मुलीचं काय? तुम्ही ज्याला वाट बघणं म्हणता ती तिला पाळत वाटली असेल. आणि एकटेपणा वगैरे चोचले आहेत, कामाला लागा.'

पाळतीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. लेखात मी आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या काठावरच्या संध्याकाळी रंगवल्या आणि राजारामपुरीतली गल्ली गाळली. उद्यमनगरातल्या कामावरून सुटलो की मंगळवार पेठेत घरी यायला राजारामपुरी वाटेत लागत नाही. तरी दोन महिने मी रोज गाडी तिकडं वळवायचो, तिचा क्लास सुटायच्या वेळेला. थांबत नव्हतो, बोलत नव्हतो, म्हणून यात काही वावगं नाही अशी मनाची समजूत घातली होती. एकदा तिनं मला बघितलं. काही बोलली नाही. चालता चालता मैत्रिणीच्या पलीकडच्या अंगाला गेली आणि ओढणी घट्ट धरली. ती मूठ अजून डोळ्यांसमोर येते. 'परत भेटू नकोस, मेसेज करू नकोस' असं तिनं स्वच्छ कळवलं होतं, तरी मी मेसेजही करत होतो. मुलीनं नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्क साधणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पहिल्याच वेळेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी ज्याला प्रेम म्हणत होतो ते यात बसत होतं.

पण 'चोचले' हा शब्द मला मान्य नाही. काम मी सोडलंच नव्हतं. लेथवर बारा-बारा तास उभा असायचो आणि कान खिशातल्या फोनकडे. मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकताच प्रेमभंग झालेल्या 15 जणांना, ज्यानं नाकारलं त्या माणसाचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅन केलं, तर कोकेनच्या तलफेशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले. मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव यांनी या झपाटलेपणाला 1979 च्या पुस्तकातच 'लिमरन्स' म्हटलं होतं. ते आशेवर आणि अनिश्चिततेवर जगतं, असं त्यांचं निरीक्षण. माझं तसंच होतं. तिनं कधीकाळी पाठवलेला एक 'हं' मला आठवडाभर पुरायचा.

आणि एकटेपणा. गंगावेशीत रात्री म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला आम्ही दोघं जायचो. ती सोडून गेल्यावर एका शनिवारी एकटा गेलो. दूधवाल्या मामांनी सवयीनं दोन ग्लास भरले, मग माझ्या मागं बघितलं. 'आज एकटंच व्हय?' फेस बसेपर्यंत ग्लास नुसता हातात धरून उभा होतो. फोन करावा असं कोण आहे म्हणून नावं चाळली, तर तीन वर्षांत एकाही मित्राला मी आपणहून फोन केलेला नव्हता. सगळं एकाच माणसावर टाकलं होतं. तो भार तिच्यावर होता, हेही तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं.

त्यातल्याच एका जुन्या मित्रानं मला सावरलं. तो म्हणाला, 'भावा, विसर म्हणत न्हाई. सांजच्याला माझ्यासंगं तालमीत चल, मग घरला जा.' क्लास सुटायची वेळ अशी तालमीत जायला लागली. तिचा नंबर त्याच्यासमोर फोनमधून काढून टाकला. रात्री फारच जड गेलं तेव्हा दोनदा 14416 ला फोन लावला. ती सरकारची टेली-मानस सेवा, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. मोफत आहे, रात्रीअपरात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. तुमच्या ओळखीत कुणी पोरगा असा घुमा झालेला दिसला तर 'कामाला लाग' म्हणण्याआधी हा नंबर द्या, एवढी विनंती.

गल्लीचा परिच्छेद लेखात आज घालतोय. तिच्या वतीनं मात्र एक ओळही घालणार नाही. तिला विचारायला जायचा हक्क मला नाही, आणि मनानं रचून लिहिलं तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल. बदललेला लेख वाचून अजून काही खटकलं तर जरूर लिहा.