थर्मोस्टॅट काढल्यानं हिटर तापत नाही, उलट गार पडतो

थंडी सुरू झाली की साताऱ्यात मोबाइलवर हा मेसेज फिरायला लागतो: "गाडीचा हिटर कमी तापतोय? थर्मोस्टॅट काढून टाका, कूलंटऐवजी साधं पाणी भरा, एसीचा गॅस बघून घ्या. आणि हिटर जपून लावा, तेल खातो." चार सल्ले आणि चारही चुकीचे. पहिला तर इंजिनाच्या जिवावर उठणारा.

"थर्मोस्टॅट पाणी अडवतो, काढला की गरम पाणी मोकळं फिरतं." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या (कूलंटच्या) वाटेवरची, ठरावीक तापमानाला उघडणारी झडप. तो अडवतो हे खरं, पण कुठलं पाणी? बहुतेक गाड्यांत तो फक्त रेडिएटरची वाट बंद ठेवतो. हिटरकडं पाणी आधीपासून जातच असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडायला लागतो (नेमका आकडा बऱ्याचदा त्याच्यावरच कोरलेला असतो). तो काढला की पहाटेच्या गारठ्यात पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं. इंजिन तापत नाही, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गाडी अजून गार आहे असं समजून जादा पेट्रोल सोडत राहतो, ऑइल पातळ व्हायला वेळ लागतो. मग हिटरला गरम पाणी येणार कुठून?

गंमत म्हणजे हिटर कमी तापण्याचं नेहमीचं कारण हेच: थर्मोस्टॅट उघडा अडकलेला. ओळखायला पसरणीचा घाट पुरतो. पाचगणीकडं चढताना हिटर बरा चालतो आणि वाईकडं उतरताना, ॲक्सिलरेटरवरचा पाय निघाला की, तापमानाचा काटा खाली येऊन वारा गार पडतो. तसं झालं तर थर्मोस्टॅट काढून दोऱ्यानं पातेल्यातल्या पाण्यात लटकवा आणि पाणी तापवत न्या, बुडाला टेकू देऊ नका. गार पाण्यातच फट दिसली तर तो गेला. नवा टाकताना गॅस्केट किंवा ओ-रिंगही नवीच घ्या.

थर्मोस्टॅटवर संशय नसेल तर बॉनेट उघडा. इंजिनामागच्या पत्र्यातून दोन रबरी पाइप केबिनमध्ये जातात. गाडी नीट तापल्यावर, पंख्याच्या आणि बेल्टच्या लांबून, दोन्हींना हात लावून बघा. दोन्ही चटका देत असतील तर पाणी पोचतंय. दोष नॉबच्या केबलमध्ये, हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेत, ब्लोअरमध्ये (वारा फेकणाऱ्या पंख्यात) किंवा कचऱ्यानं भरलेल्या केबिन फिल्टरमध्ये. एक गरम, दुसरा गार असेल तर हिटर कोअर (गरम पाण्याच्या बारीक नळ्यांची जाळी, तिच्यावरून जाणारा वारा तापतो) तुंबलाय किंवा हिटरचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट, कमी कूलंट किंवा अडकलेली हवा. हवेची खूण वेगळी: डॅशबोर्डमागं गुळगुळ आवाज, रेस दिली की गरम, आयडलला गार.

हवा काढायला इंजिन पूर्ण थंड हवं. गाडीचं तोंड चढाला, कूलंट भरायची कॅप उघडी, हिटर फुल गरम, ब्लोअर हळू. इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा, वरचा जाड पाइप तापला की कॅप लावा. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत लेव्हल पुन्हा बघा. घटली असेल तर गळती शोधा. आत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, पायाशी ओलं मॅट असेल तर कोअरच फुटलाय.

"साधं पाणी भरा." बोअरच्या पाण्यातला क्षार कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि गंजरोधक नसल्यानं गंजही. म्हणजे आज हिटर सुधारायला भरलेलं पाणी पुढच्या हिवाळ्यात तो बंद पाडतं. कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिळणारं जसंच्या तसं. तुंबलेला कोअर साफ करताना दोन्ही पाइप सोडून पाणी परतीच्या बाजूनं, नळाच्या हलक्या धारेनं सोडा. तांबूस पाणी स्वच्छ येईपर्यंत. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सांधे उलतात. कोअर बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून आधी धुऊन बघणं शहाणपणाचं.

एसीच्या गॅसचा या हिटरशी संबंध नाही. गॅस संपला तरी हिटर तितकाच तापतो. फक्त काचेवरचं धुकं घालवायला हिटरसोबत एसी लावतात, कारण तो हवेतलं बाष्प काढतो.

उरला तेलाचा मुद्दा. इंजिनात जळणाऱ्या तेलाची बरीचशी उष्णता तशीही वाया जाते, हिटर त्यातलीच थोडी आत आणतो. जास्तीचा खर्च ब्लोअरच्या विजेपुरता. हिटर खरोखर खाऊ असतो तो इलेक्ट्रिक गाडीत, तिथं ही फुकटची उष्णता नसते आणि ऊब थेट बॅटरीतून येते. पण त्या गाडीला काढून टाकायला ना हा थर्मोस्टॅट, ना तेल.