कार्यालयातल्या माणसांबद्दलही लिहा

दहावीच्या निकालावरचा तुमचा लेख आवडला. शिक्षक, क्लास, पालक सगळे आले. शाळेचं कार्यालय मात्र राहून गेलं.

माझी मुलगी कळव्यातल्या अनुदानित शाळेत होती. तिच्या वडिलांचं नाव जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, चुकलेलं होतं. आम्हाला पत्ताच नाही! बोर्डाचे फॉर्म भरायच्या आधी मोठ्या क्लार्कबाईंनी स्वतः फोन करून बोलावलं. "आत्ताच दुरुस्त करून घ्या ताई, एकदा गुणपत्रिकेवर छापलं की वाशीला बोर्डात खेटे घालावे लागतील," म्हणाल्या. शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा प्रस्तावही त्यांनीच तयार केला. त्या टेबलावर तेव्हा यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळांच्या नोंदप्रणालीत, भरायची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीतली बिलं, सगळंच एकदम होतं. मुख्याध्यापकही संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेची पदं मंजूर होतात त्या, कागदांत बुडालेले. तरी सकाळी गेटवर उभे असायचेच.

आणि शिपाईमामा. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत शिपायाचं पद रिकामं झालं की ते पुन्हा भरलं जात नाही, त्या कामासाठी शाळेला फक्त ठरावीक रक्कम, म्हणजे शिपाई भत्ता मिळतो. मला हे अजिबात पटत नाही. पावसात रस्ता तुंबल्यावर शेवटचं मूल घरी जाईपर्यंत थांबणारा, कुठल्या मुलाने डबा आणला नाही हे ओळखणारा माणूस भत्त्यावर कसा टिकेल? आमचे मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. त्यांच्या जागी कोण येणार, हे शाळेलाही माहीत नाही.