प्रतिक्रियेला उत्तर : उमाळा म्हणे!

ताई, नमस्कार.

'लक्ष्मी रोडच्या साडी-दुकानांवरचा हा लेख म्हणजे आठवणींचा निव्वळ उमाळा. सेल्समन अंग न्याहाळून "तुमच्या मापाचं नाही" म्हणतो, अ‍ॅप निदान अपमान करत नाही. शिवाय भाव, रिटर्न, पार्किंग...' असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंत. पार्किंगचं मान्य. तिथे शनिवारी गाडी घेऊन जाणाऱ्याची मलाही कीव येते.

पण उमाळा? माझे वडील तिथल्याच एका दुकानात गादीवर बसून आयुष्यभर साड्या उलगडत होते. सुट्टीत मी घड्या घालायला जायचो. गिऱ्हाईक टेकलं की पहिला प्रश्न "कार्य काय आहे?" आणि दुसरा "नेसणार कोण?" बजेट कुणी विचारायचं नाही. दोन-चार साड्या पसरल्या की हात कुठल्या काठावर रेंगाळतो, त्यावरून ते कळायचं. "वहिनी, हा रंग नेऊ नका, पस्तावाल," असं म्हणून साडीची परत घडी घालणारी माणसं मी पाहिली आहेत. असं अ‍ॅप दाखवा मला! ते तुम्ही काय पाहिलंत, तुमच्यासारख्यांनी काय घेतलं, एवढ्यावरून पुढचं सुचवतं. आत्याच्या पंच्याहत्तरीला एक राखाडी इरकल मागवली, तर कितीतरी दिवस मला राखाडी इरकलीच दिसत होत्या. मला!

कपडे विकणारी मिंत्रा २००७ साली सुरू झाली ती कॉफीचे मग आणि टी-शर्ट यांवर नावं छापून विकायला. आता आपलं नाव पार्सलवरच्या चिठ्ठीपुरतं उरलंय. उलट टाटांची झुडिओ ही कपड्यांची दुकानं ऑनलाइन विकतच नाहीत, तरी तिथे झुंबड असते. (तिथेही "कार्य काय?" असं कुणी विचारत नाही, ते सोडा.) आणि लॉकडाउनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर पदर पसरून दाखवत होती ती गादीवरचीच माणसं. हे लेखात आहे. तुम्ही बहुधा तिथपर्यंत पोचला नाहीत.

राहिला मापाचा मुद्दा. उद्धट सेल्समन असतात. उद्धट वाचकही असतात. त्यावर सवडीने कधीतरी. भाव आणि रिटर्नवर वाद घालत बसायला मला वेळ नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, होती तशी ठेवली आहे. पुढची 'म्हातारबुवा' हे संबोधन वगळून लिहिलीत, तर तीही ठेवीन.