काठावर ढीग टाकला म्हणजे जलपर्णी काढली असे होत नाही

गोव्यातील साळ नदीतील जलपर्णी काढण्याच्या नावाखाली दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या भागात जे केले जाते, त्याला काम म्हणणे मला आता मुळीच मान्य नाही. मे महिन्यात यंत्र येते, पुलाखालचा हिरवा थर उपसला जातो, मोकळ्या झालेल्या पाण्याची छायाचित्रे काढली जातात आणि उपसलेले सगळे तिथेच, पाण्याच्या अगदी कडेला, रचून ठेवले जाते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात तो ढीग पुन्हा नदीत जातो. लेखी तक्रार केली, तर निविदेत फक्त उपसण्याचे काम आहे, वाहून नेण्याचे नाही, असे उत्तर मिळते. मग ती निविदा लिहिली कोणी आणि मंजूर केली कोणी?

ज्यांनी कामाच्या पूर्ततेवर सही केली, त्यांनी त्या ढिगात एकदा हात घालून पाहावे. वरची पाने उन्हाने करपलेली असतात, पण आतले फुगीर देठ ओले आणि हिरवेगार असतात, आणि तळाशी काळ्या मुळांच्या झुपक्यांनी चिखल धरून ठेवलेला असतो. दोन रोपांना जोडणारा आडवा देठ यंत्राने तोडला, तरी रोप मरत नाही. तुटलेले दोन्ही भाग वेगवेगळे वाढू लागतात. पोषक पाण्यात ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे बी तळच्या गाळात पंधरा-वीस वर्षे तग धरू शकते. अशा वनस्पतीसाठी वर्षातून एकदा यंत्र आणणे आणि पुढचे अकरा महिने तिकडे ढुंकूनही न पाहणे हा जनतेच्या पैशाचा उघड अपव्यय आहे.

पावसाळ्यात पुराबरोबर बरीच जलपर्णी नदीच्या मुखाशी असलेल्या बेतूलच्या दिशेने वाहून जाते आणि खाऱ्या पाण्यात मरते, म्हणून 'नदी आपोआप साफ होते' असे सांगणारेही भेटतात. मेलेली जलपर्णी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, त्याचा फटका मासळीला बसतो, आणि वाहत येणारे तिचे पुंजके जाळ्यात अडकतात ते वेगळेच. खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीच्या, मानशीच्या (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) तोंडाशी ती साचली, की पाण्याचा निचरा अडतो आणि शेतकरी हवालदिल होतो. शिवाय वरच्या अंगाला, गोड्या पाण्याच्या कोपऱ्यांत राहिलेल्या थोड्याशा रोपांतून पाऊस ओसरताच पुन्हा तोच हिरवा थर तयार होतो.

मुळात तिला खाऊ कोण घालते? वेर्ण्याकडून येऊन मडगावच्या कडेने वाहणाऱ्या या नदीत सांडपाणी मिसळते, आणि त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांवरच जलपर्णी माजते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत साळ नदीचे नाव आहे, म्हणजे दुखणे कोठे आहे हे सरकारी कागदावरही लिहिलेले आहे. तरीही गटारांची तोंडे नदीकडे उघडीच राहतात, मलनिस्सारणाच्या जोडण्या रखडतात, आणि पैसा मात्र यंत्राच्या भाड्यावर जातो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! त्यावर आता कोणी तणनाशक फवारण्याचा उपाय सुचवतो, तेव्हा संताप अनावर होतो. ज्या पाण्यातली मासळी आमच्या ताटात येते, त्यात विष ओतायचे का?

जलपर्णी खाणारे सोंडकिडे भारतात १९८० च्या दशकापासून सोडले जात आहेत. त्यांचा परिणाम दिसायला काही वर्षे लागतात हे खरे. पण आपण त्याहून कितीतरी अधिक वर्षे एकच निरुपयोगी काम करत आलो आहोत. ते जमत नसेल, तर निदान एवढे तरी करा: उपसलेली जलपर्णी त्याच दिवशी नदीपासून दूर नेऊन तिचे खत करण्याची अट निविदेत घाला, पावसाळ्यानंतर उरलेली रोपे वेचण्याचे काम त्याच ठेक्यात धरा, आणि काठावर एक जरी ढीग शिल्लक असेल तर ठेकेदाराचे बिल अडवा.