सेकंदाला एक थेंब

आमच्या बाथरूमचा नळ तीन आठवडे गळत होता. घड्याळ लावून मोजलं: सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४००. एवढा नियमितपणा मला आयुष्यात कशातच जमलेला नाही. तसा थेंबाच्या आवाजाचा त्रास नसतो हो, पुढचा कधी पडतोय याची वाट बघण्याचा असतो. रात्री दोन वाजता उठून खाली फडकं ठेवलं. मग 'टप्'च्या जागी 'थप्' ऐकू यायला लागलं.

प्लंबर रोज 'उद्या सकाळी' येत होते. शेवटी मीच पाना उचलला.

नळ खोलण्याआधी व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, एवढं मला माहीत होतं. केलाही. तो स्वयंपाकघराचा निघाला.

"काय झालं?" बाहेरून आवाज.

"काही नाही," मी कारंज्याच्या आतून म्हणालो.

योग्य व्हॉल्व्ह सापडला, नळाच्या आतला दांडा, म्हणजे स्पिंडल, बाहेर आला आणि कळलं, हा सगळा तमाशा नखाएवढ्या रबरी वॉशरचा! दगडासारखा कडक झालेला, वर गोल चर पडलेला. नळ गळतो म्हणून आम्ही तो जोर लावून आवळायचो, आणि आवळल्यामुळे वॉशर आणखी चेपायचा. नवा वॉशर हातातून निसटून थेट जाळीकडे घरंगळला, तो मी पायाने अडवला. शाळेत मला फुटबॉलच्या संघात न घेणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं.

पाणी सुरू केलं. नळ बंद केला. शंभरपर्यंत मोजलं. मग सगळ्यांना हाक मारली.

"काय बघायचं?"

"काही होत नाहीये, ते!"

"बाबा, स्वयंपाकघराच्या नळातूनही काही होत नाहीये," मुलगी म्हणाली. दुर्लक्ष केलं.

त्या दिवशी ऑफिसात साहेबांनी अहवाल तिसऱ्यांदा परत पाठवला, तोही मी हसत घेतला. बढती मिळाली तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं. बढती कुणी कुठे काय आवळल्यामुळे मिळते, ते कधी कळतच नाही. इथे पाना माझ्या हातात होता.

रात्री दोनला शांततेनेच जाग आली. नळाखालचं फडकं चाचपलं. कोरडं ठणठणीत! ते तसंच घेऊन आलो आणि बायकोला उठवून दाखवलं.